वाकेन, पण मोडणार नाही

१२ मार्च १९९३. शुक्रवारची दुपार, दीडचा सुमार. मुंबईच्या शेअर बाजाराच्या तळघरात स्फोटकांनी भरलेली मोटार उडाली आणि त्यानंतरच्या दोन-अडीच तासांत शहरात ठिकठिकाणी झालेल्या स्फोटांनी २५७ जणांचे प्राण घेतले. त्या दिवसाबद्दल, त्यामागच्या कटाबद्दल, तपासाबद्दल आणि खटल्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्या जवळजवळ तीस मजली मनोऱ्याच्या पोटातच तो पहिला स्फोट झाला, तो मनोरा उभा राहिला. खालच्या मजल्यांची वाताहत झाली, काचांचा खच पडला, आतली आणि रस्त्यावरची माणसे दगावली. पण वरचे मजले खाली आले नाहीत. ते आले असते तर मृतांचा आकडा कुठे गेला असता, याची कल्पनाही करवत नाही.

त्याच्या अवघे दोन आठवडे आधी, २६ फेब्रुवारी १९९३ रोजी, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात अशीच एक गाडी उडवण्यात आली होती. सहाशे किलोच्या आसपास स्फोटके होती. तळघराच्या एकाखाली एक असलेल्या अनेक स्लॅबना प्रचंड भगदाड पडले, सहा जण मेले, पण मनोरा जागचा हलला नाही. (२००१ साली तो पडला, त्याची कारणे निराळी होती. विमानांची धडक आणि त्यानंतरची आग.) आणि मग दोन वर्षांनी, १९ एप्रिल १९९५ रोजी, अमेरिकेतल्याच ओक्लाहोमा शहरात मरा फेडरल बिल्डिंग या नऊ मजली आर.सी.सी. सरकारी कचेरीसमोर ट्रक उडवला गेला. तिथे मात्र दर्शनी भागातले मजले वरपासून खालपर्यंत एकावर एक कोसळले. इमारतीचा जवळजवळ निम्मा भाग गेला. १६८ माणसे मेली, आणि त्यांतली बहुतेक स्फोटाने नव्हे, तर कोसळणाऱ्या मजल्यांखाली सापडून.

एक इमारत उभी राहते, दुसरी पडते. असे का?

आर.सी.सी. इमारतींच्या आराखड्यांचे काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. प्रत्येक मोठ्या घातपातानंतर, प्रत्येक भूकंपानंतर, एखाद्या रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला की त्यानंतरही. प्रश्नाचे रूप ठरलेले असते, ‘आमची बिल्डिंग टिकेल का हो?’ खरे उत्तर असे आहे की, आपली राहती घरे, कचेऱ्या, दुकाने बॉम्बस्फोट गृहीत धरून बांधलेली नसतात, आणि तशी ती सगळी बांधणे परवडणारेही नाही. पण अकल्पित धक्का बसला तर इमारतीचा एक कोपरा जाईल की सगळी इमारत जाईल, हे मात्र पुष्कळसे आपल्या हातात असते. आणि ते ठरते बांधकामाच्या वेळी, अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवरून.

ठेवलेले ओझे आणि आदळलेले ओझे

आधी ओझे म्हणजे काय ते पाहू. इमारतीचे स्वतःचे वजन, माणसे, सामान, गच्चीवरची पाण्याची टाकी ही सारी शांत ओझी. ती आहेत तिथे असतात, इमारत त्यांना सरावलेली असते. आराखडा करताना आम्ही प्रामुख्याने यांचाच हिशेब मांडतो. पण तेच ओझे एकाएकी आले तर?

स्प्रिंगच्या काट्यावर दहा किलोचा दगड अलगद ठेवा. काटा दहावर थांबेल. आता तोच दगड काट्याला जेमतेम टेकवून एकदम हात सोडा. काटा वीसपर्यंत जाईल आणि मग मागेपुढे होत दहावर स्थिरावेल. दगड तोच, उंचावरून टाकलेलाही नाही, तरी काट्याला क्षणभर दुप्पट वजन सोसावे लागले. केवळ ‘एकदम’ या एका शब्दाची ही किंमत. इमारतीचा एक खांब अचानक नाहीसा झाला, तर त्याच्या वाट्याचे ओझे शेजारच्या खांबांवर आणि तुळयांवर असेच, हात सोडल्यासारखे, एकदम पडते. म्हणून जो हिशेब कागदावर शांत ओझ्यासाठी बरोबर उतरतो, तो अशा वेळी अपुरा पडू शकतो.

धक्का देणाऱ्या ओझ्यांतही प्रकार आहेत. वारा काही सेकंदांच्या झोतांनी येतो. भूकंप काही सेकंद ते मिनिटभर हलवतो. स्फोट मात्र सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात आपला खेळ आटोपतो. हा वेळेचा फरक ध्यानात घेतला की पुढचे बरेच काही उलगडते.

दहा टनांचा हात

स्फोटात घन किंवा द्रव पदार्थाचा क्षणार्धात अतितप्त वायू होतो. तो भोवतालच्या हवेला इतक्या वेगाने ढकलतो की हवेची एक दाट भिंतच आवाजापेक्षा अधिक वेगाने बाहेर सुटते. ही भिंत एखाद्या पृष्ठभागावर आपटली की तिथल्या हवेचा दाब एकाएकी चढतो, काही मिलिसेकंदांत ओसरतो आणि मग थोडा वेळ उलटा, म्हणजे ओढून घेणारा, होतो. स्फोटानंतर काही काचा बाहेर रस्त्याच्या दिशेने पडलेल्या दिसतात, त्याचे एक कारण हा उलटा दाब.

आकड्यांत बोलायचे तर, मुंबईत इमारतीचा आराखडा करताना वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरण्याची पद्धत आहे. त्या वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे १२० किलोचा दाब देतो. उलट एक टन टी.एन.टी. ३० मीटरवर उडाले, तर त्या अंतरावर हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढतो. म्हणजे दर चौरस मीटरला दहा टन. समोर भिंत असेल तर लाट तिच्यावर आपटून परतते आणि भिंतीला याच्या दुपटीहूनही अधिक दाब सोसावा लागतो. वाऱ्याचे १२० किलो कुठे आणि हे वीस-पंचवीस टन कुठे! वीटकामाची भिंत यापुढे टिकण्याचा प्रश्नच नाही.

मग इमारत उभी राहते ती कशी? पहिले कारण, हा दाब फार थोडा वेळ असतो. इमारतीलाही झोपाळ्यासारखी आपली एक लय असते. ढोबळ हिशेब असा की, दर मजल्याला सेकंदाचा दहावा भाग. दहा मजली इमारत एकदा डोलून परत यायला साधारण एक सेकंद घेते, उंच मनोरा दोन-तीन सेकंद. स्फोटाचा दाब दहा-वीस मिलिसेकंदांत संपतो. इमारत डोलायला सुरुवात करते न करते, तोच ढकलणारा हात निघून गेलेला असतो. त्यामुळे अख्खी इमारत स्फोटाने आडवी होत नाही. नुकसान होते ते जवळच्या, सुट्या भागांचे. भिंती, काचा, स्लॅब आणि अगदी समोर असलेले खांब.

यातही स्लॅब आणि खांब यांच्या नशिबात फरक आहे. खांब अरुंद असतो. स्फोटाची लाट त्याला वळसा घालून क्षणात पाठीमागे पोचते आणि दोन्ही बाजूंचा दाब बराचसा सारखा होतो. शिवाय वरच्या मजल्यांच्या वजनाने तो आधीच दाबलेला असतो. स्लॅबचे मात्र क्षेत्रफळ मोठे आणि जाडी थोडी. त्यातून तळघरात स्फोट झाला तर डोक्यावरची स्लॅब खालून वर उचलली जाते. स्लॅबमधली सळई आपण घालतो ती वजन खाली येते हे धरून. मधल्या भागात तळाशी, आधारांवर वरच्या बाजूला. ओझे उलटे, खालून वर आले की जिथे सळई हवी तिथे ती नसते. म्हणून न्यूयॉर्कच्या तळघरात स्लॅबना भगदाडे पडली आणि खांब बचावले. अर्थात धोका तिथेच संपला नाही. स्लॅब हा खांबाला मधेमधे मिळणारा आडवा आधार असतो. दोन-तीन स्लॅब गेल्या की खांबाची विनाआधार लांबी तिप्पट-चौपट होते आणि लांब काठी दाबल्यावर जशी वाकते तसा तो वाकू शकतो. म्हणूनच तिथे स्फोटानंतर त्या उघड्या पडलेल्या खांबांना तातडीने तिरके आधार देण्यात आले.

आणखी एक गमतीची, पण जीवघेणी गोष्ट. भिंतीवर बाहेरून आपटलेला धक्का काँक्रीटमधून दाबाच्या लाटेसारखा आरपार जातो आणि आतल्या पृष्ठभागावरून परतताना ताणाची लाट होऊन परततो. काँक्रीट दाब जितका सोसते त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका ताण सोसते. परिणाम असा की, बाहेरून भिंत धड दिसते आणि आतल्या बाजूचे काँक्रीट तुकडे होऊन खोलीत गोळ्यांसारखे उडते. माणसे आडोशाला म्हणून भिंतीला चिकटून बसतात. स्फोटाच्या बाबतीत तो आडोसा नेहमी आडोसा असतोच असे नाही.

सळईचा स्वभाव

काँक्रीट आणि पोलाद ही जोडी मोठी विलक्षण आहे. काँक्रीट कडक, दाबाला पक्के, पण ताणले की तडकणारे आणि तडकले की संपणारे. पोलाद ताणले की लांबते, पुष्कळ लांबल्यावरच तुटते. ‘मोडेन पण वाकणार नाही’ हा आपल्याकडे मराठी बाण्याचा गौरव समजला जातो. माणसांच्या बाबतीत तो ठीक असेल, इमारतीच्या बाबतीत मात्र हा स्वभाव घातक आहे. धक्का म्हणजे इमारतीत शिरलेली ऊर्जा. ती कुठेतरी जिरायला हवी. वाकणारी, ताणली जाणारी, तडे गेले तरी न सुटणारी इमारत ती ऊर्जा जिरवते. न वाकणारी इमारत काही वेळ ताठ उभी राहते आणि मग कसलीही सूचना न देता एकदम जाते. म्हणून आमच्या धंद्यात म्हण उलटी करावी लागते. वाकेन, पण मोडणार नाही.

हा चिवटपणा किती टोकाचा असू शकतो, याचा एक नमुना पुणेकरांनी पाहिला आहे. चांदणी चौकातला जुना पूल पाडण्यासाठी १ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर सुमारे सहाशे किलो स्फोटके लावून तो उडवण्यात आला. वाहतूक बंद, दुतर्फा पोलीस, घराघरांत दूरचित्रवाणीसमोर लोक. धुरळा खाली बसल्यावर दिसले की काँक्रीट झडून गेले आहे, पण सळयांच्या जाळ्याने पुलाचा काही भाग तसाच धरून ठेवला आहे. राहिलेले काम यंत्रांनी करावे लागले. लोकांनी चेष्टा केली. परंतु माझ्यासारख्याला त्या लोंबत्या सळयांत एक धडा दिसला. काँक्रीट गेले तरी सळई सलग असेल, तर ती ओझे हातातून सोडत नाही. पाडणाऱ्याला हा त्रास वाटतो, पण आत माणसे असती तर हाच त्रास त्यांना जीवदान ठरला असता.

त्याच्या महिनाभर आधी, २८ ऑगस्ट २०२२ रोजी, नोएडातले सुमारे शंभर मीटर उंचीचे दोन बेकायदा मनोरे ३७०० किलो स्फोटकांनी नऊ-दहा सेकंदांत जमीनदोस्त झाले. पण तिथे स्फोटके बाहेर ठेवलेली नव्हती. हजारो भोके पाडून ती खांबांच्या पोटात विभागून भरली होती आणि ठरलेल्या क्रमाने उडवली. मनोऱ्यांना प्रत्यक्षात पाडले ते त्यांच्या स्वतःच्या वजनाने. स्फोटकांनी फक्त पाय काढून घेतले. हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण इमारती पडण्याच्या बहुतेक कहाण्यांचे सार त्यात आहे.

एका खांबाची गोष्ट

आता पुन्हा ओक्लाहोमा. १९७७ साली पूर्ण झालेली ती इमारत तेव्हाच्या नियमांप्रमाणे नीटच बांधलेली होती. दर्शनी बाजूला वरच्या मजल्यांवर खांब सहा-सहा मीटरवर होते. पण खाली प्रवेशद्वार प्रशस्त दिसावे म्हणून दर दोनांपैकी एक खांब तिसऱ्या मजल्यावरच थांबवला होता, आणि त्याचे ओझे एका मोठ्या आडव्या तुळईवर घेऊन बारा-बारा मीटरवरच्या खालच्या खांबांवर उतरवले होते. ट्रक एका खालच्या खांबापासून जेमतेम पाच मीटरवर उभा होता. तो खांब स्फोटानेच चुरडला गेला. त्याच्या दोन्ही बाजूंचे खांब दाबाने कातरल्यासारखे तुटले. खालचे तीन खांब गेल्यावर ती मोठी तुळई गेली, आणि तुळईवर उभे असलेले सगळेच गेले.

नंतर अमेरिकन अभियंत्यांच्या पथकाने काढलेला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. हीच इमारत, याच मोजमापांची, तीव्र भूकंपाच्या प्रदेशात बांधतात तशा सळयांच्या मांडणीने बांधली असती, म्हणजे खांबांत जवळजवळ रिंगा, सांध्यांतून सलग जाणाऱ्या सळया, तर कोसळलेला भाग निम्म्याहून अधिक कमी झाला असता. कदाचित ऐंशी टक्क्यांपर्यंत. आणि त्यासाठी लागणारा जादा खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ होता.

याची उलट बाजू ११ सप्टेंबर २००१ रोजी पेंटॅगॉनमध्ये दिसली. १९४१ ते ४३ या युद्धाच्या घाईत बांधलेली ती आर.सी.सी. इमारत. विमान घुसले तेव्हा तळमजल्यावरचे पन्नासच्या आसपास खांब नष्ट किंवा जायबंदी झाले, तरी वरचा भाग लगेच खाली आला नाही. पुष्कळांना बाहेर पडायला वेळ मिळाला, आणि अखेर कोसळला तोही मर्यादित भाग. तपासात कारणे निघाली ती साधी होती. खांब जवळजवळ, खांबांतल्या सळयांभोवती सलग स्प्रिंगसारखे वेटोळे, आणि तुळयांतल्या तळाच्या सळया आधारापाशी न तोडता पुढे नेलेल्या. त्या काळच्या अभियंत्यांच्या डोळ्यांसमोर विमान नव्हते. त्यांनी फक्त इमारत एकजीव बांधली.

एकजीव नसलेल्या इमारतीचे उदाहरण याहून जुने आहे. १६ मे १९६८ रोजी लंडनमधल्या रोनान पॉइंट या बावीस मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर, पहाटे, स्वयंपाकाच्या गॅसचा स्फोट झाला. इमारत कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तयार भिंती एकावर एक रचून उभारलेली. एक भिंत बाहेर फेकली गेली. वरच्या मजल्यांचा आधार गेला, ते खाली आले, आणि त्यांच्या आघाताने खालचे मजलेही गेले. पत्त्यांच्या बंगल्यासारखा संपूर्ण कोपरा कोसळला. चार माणसे मेली. ब्रिटनने त्यानंतर आपले बांधकामाचे नियम बदलले. एक भाग गेला तर त्या भागापुरतेच नुकसान व्हावे, सगळे जाऊ नये, हे तत्त्व तिथून पुढे जगभर रुजले.

आपला खांब

हे सारे दूरचे वाटेल. म्हणून घरी येऊ. आपल्याकडे खांब काढायला बॉम्ब लागत नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला एक चार मजली इमारत कोसळून सतरा माणसे मेली. तळमजल्यावर चाललेल्या नूतनीकरणात खांबांना हात लावला गेल्याचा आरोप त्यानंतर झाला. दुकान मोठे करायचे, दोन फ्लॅट एक करायचे, ‘मधे येतो’ म्हणून खांब तासायचा, पाइप न्यायला तुळईला भोक पाडायचे. हे उद्योग आपल्या सोसायट्यांत रोज चालतात. इमारतीला त्यातला आणि घातपातातला फरक कळत नाही. तिला एवढेच कळते की, आधार गेला आणि एकदम गेला.

दुसरी गोष्ट भूकंपाची. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाने केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती पाडल्या. स्फोट क्षणिक आणि स्थानिक असतो, भूकंप दीर्घ आणि सर्वव्यापी. तो झोपाळ्याला लयीत झोके देत राहतो, आणि त्याची लय इमारतीच्या लयीशी जुळली की झोका वाढत जातो. साबरमतीकाठच्या गाळाच्या जमिनीने ती लय वाढवली. पण खरे वर्म होते तळमजल्यावर. वर भिंतींनी जखडलेले मजले, खाली मोटारींसाठी मोकळे सोडलेले खांब. वरची पेटी ताठ आणि पाय लटके. सगळे वाकणे त्या एकाच मजल्यात साठले आणि खांबांची टोके फुटली. कित्येक ठिकाणी खांबांत रिंगा विरळ होत्या. २००२ सालच्या सुधारित भारतीय मानकाने अशा मोकळ्या मजल्याचे खांब अडीच पट बळ धरून आखण्यास सांगितले. मुंबई, पुणे, ठाणे, नाशिक, पणजी, कुठेही हिंडून पाहा. त्याआधी बांधलेल्या, खाली पार्किंग असलेल्या इमारती किती आहेत, ते मोजवणार नाही.

महाराष्ट्राला भूकंप नवा नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरली, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गाडली गेली. किल्लारीचा टापू तोवर नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! योगायोग असा की, मुंबईचे स्फोट आणि किल्लारी यांच्या त्याच १९९३ साली भारतीय मानक संस्थेने आय.एस. १३९२० हे मानक काढले. आर.सी.सी. इमारतीत चिवटपणा यावा म्हणून सळया कशा बांधाव्यात, याचे ते पुस्तक. स्फोटासाठीचे स्वतंत्र मानक, आय.एस. ४९९१, तर १९६८ पासून आहे. म्हणजे ज्ञानाची उणीव नाही.

उणीव आहे ती रिंगेपाशी. खांबातल्या उभ्या सळयांना वेढणारी ही आठ-दहा मिलिमीटरची रिंग. तिचे टोक नुसते काटकोनात दुमडले, तर धक्क्याने कव्हरचे काँक्रीट उडताच ती उलगडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि खांब बसतो. तेच टोक १३५ अंशांत वळवून खांबाच्या गाभ्यात खोचले, तर रिंग उलगडत नाही आणि आतले काँक्रीट मुठीत धरल्यासारखे धरून ठेवते. खर्चातला फरक काही बोटे सळई आणि फिटरचे थोडे जादा श्रम. तरी किती साइटवर मी हे टोक काटकोनातच राहिलेले पाहिले आहे, आणि ‘साहेब, ओतल्यावर कोण बघतंय?’ हे उत्तर ऐकले आहे. एका साइटवर रिंगा सहा इंचांऐवजी नऊ-दहा इंचांवर गेल्या होत्या. ओतकाम थांबवले तेव्हा बिल्डरपेक्षा फ्लॅट घेणारेच अधिक चिडले, ताबा लांबतो म्हणून! ओतल्यावर खरेच कोणी बघत नाही. भूकंप मात्र बघतो.

काच आणि अंतर

दोन गोष्टी राहिल्या. एक काच. इमारत टिकली तरी स्फोटात जखमी होणाऱ्यांत मोठा वाटा उडणाऱ्या काचांचा असतो. अलीकडे आपल्या शहरांत काचेच्या दर्शनी भिंतींची हौस वाढली आहे. मोटारीच्या पुढच्या काचेसारखी, मधे चिवट थर असलेली काच फुटली तरी जागेवर राहते. साधी काच सुऱ्यांसारखी उडते.

दुसरी गोष्ट अंतर. स्फोटापासून बचावाचा याहून स्वस्त उपाय नाही. तोच परिणाम दुप्पट अंतरावर घडवायला आठपट स्फोटक लागते. म्हणजे कुंपण चार पावले पुढे सरकवणे हे भिंत जाड करण्यापेक्षा अनेकदा फायद्याचे. हा धडा मुंबईने फार पूर्वी घेतला होता. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे बोट उडाले. चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा आणि त्याच पोटात कापसाच्या गाठी! शेकडो माणसे मेली, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या. त्या दिवसाची आठवण म्हणून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो. आणि तरीही ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात २७५० टन अमोनियम नायट्रेट वस्तीच्या शेजारी पडून होते. तिथली धान्याची आर.सी.सी. कोठारे स्फोटाच्या अगदी लगत असूनही एका बाजूने उभी राहिली आणि त्यांच्या पाठीमागच्या भागाला थोडा आडोसा मिळाला; बाकी शहराला मिळाला नाही. आपल्याकडे डोंबिवलीत २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात रसायनांच्या कारखान्यांत स्फोट झाले, माणसे मेली, दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. कारखाना आधी की वस्ती आधी, हा वाद चालत राहील. मधले अंतर कोणी खाल्ले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर काँक्रीटमध्ये नाही, नगररचनेच्या फायलींत आहे.

वाचकांनी यातून घाबरून जावे असे मला मुळीच वाटत नाही. नीट बांधलेली आर.सी.सी. इमारत ही आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ सोशिक असते. शेअर बाजाराचा मनोरा त्याची साक्ष देत आजही उभा आहे. धक्क्याच्या क्षणी तर तिची ताकद थोडी वाढतेच. फार वेगाने ओझे आले की काँक्रीट आणि पोलाद नेहमीपेक्षा दहा ते पंचवीस टक्के अधिक सोसतात. निसर्गाने दिलेली ही सूट. बाकीचे आपण मिळवायचे आहे.

ते मिळवणे अवघडही नाही. नव्या घराचा नकाशा पाहताना आपण हॉलची लांबी, स्वयंपाकघरातला ओटा, खिडकीतून दिसणारा देखावा विचारतो. आणखी दोन प्रश्न विचारावेत. हे घर आय.एस. १३९२० प्रमाणे बांधले आहे का, आणि रिंगांची टोके ओतण्यापूर्वी कोणी तपासली? जुन्या सोसायटीत राहत असाल तर गच्चीच्या गळतीइतकीच चर्चा तळमजल्याच्या खांबांचीही व्हावी. शेजाऱ्याच्या घरात भिंतीवर हातोडा पडू लागला तर ती नुसती भिंत आहे की आणखी काही, हे विचारण्यात भीड बाळगू नये. पुनर्विकासाच्या सभांमध्ये जादा चौरस फुटांवर रात्र रात्र भांडणाऱ्या मंडळींनी त्यातली पंधरा मिनिटे सळयांच्या नकाशाला द्यावीत. स्फोट कधी आणि कुठे होईल, भूकंप कधी येईल, हे कोणालाच सांगता येत नाही. पण तो आल्यावर इमारत वाकेल की मोडेल, हे मात्र आधी ठरवता येते, आणि ते एकदाच, काँक्रीट ओतण्यापूर्वी.